नागपूरचा कूलर ठाण्यात आणला आणि घामाघूम झालो, हा बिघडलाय की मी?

वऱ्हाडी_ठाण्यात
मंडळी, डोकं चालत नाहीये म्हणून विचारतोय, हसू नका. मी मूळ नागपूरचा, बदली होऊन ठाण्यात आलो. येताना सामानाच्या टेम्पोत आमचा लोखंडी कूलर पण टाकला, बाबांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून बनवून घेतलेला, तीन बाजूंना ताट्या (पाणी झिरपत राहतं त्या जाड जाळ्या), वर पत्र्याचं झाकण, सहा उन्हाळे काढलेत त्याने. नागपुरात बाहेर ४४ डिग्री असताना रात्री पहाटे पहाटे चादर ओढावी लागायची, हे मी स्वतः अनुभवलंय, ऐकीव नाही.

इथे बाहेर फक्त ३३-३४ असतं. म्हणजे कूलरला काम कमीच की. पण लावला की अर्ध्या तासात उशीचा अभ्रा दमट, डब्याबाहेर राहिलेले पापड सादळले, फरशीवर पाय चिकटतात आणि घाम थांबतच नाही. बायको म्हणते हा कूलर नाहीये, इडलीपात्र आहे. ताट्या नवीन टाकल्या, पंप बदलला. एका दुरुस्तीवाल्याने ३५० रुपये घेऊन फक्त "मोटार कमजोर झाली" एवढं सांगितलं. शेजारचे काका म्हणाले टाकीत बर्फ टाका, टाकला, दहा मिनिटं बरं वाटलं मग परत तेच.

कूलर हॉलच्या आत कोपऱ्यात ठेवलाय, आणि डासांमुळे खिडक्या बंद. तोच कूलर, तेच पाणी, मग इथे काय झालं त्याला?

ओलं_फडकं
कूलरला काही झालेलं नाही, मोटारीलाही नाही. ठाण्याची हवा आधीच पाणी पिऊन बसलीये, तिला अजून पाजायला गेलात तर ती कुठे घेणार.

कूलर हवा थंड करतो म्हणजे काय करतो तर ताटीवरचं पाणी उडवतो. पाण्याची वाफ व्हायला भयंकर उष्णता लागते, एका लिटरला साधारण २४०० किलोज्यूल, म्हणजे तेच लिटरभर पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी लागते त्याच्या जवळजवळ सहापट. ही उष्णता येते कुठून, तर ताटीतून जाणाऱ्या गरम हवेतून. हवा कोरडी असली की पाणी पटापट उडतं आणि हवा गार होते, दमट असली की पाणी ताटीवरच बसून राहतं.

हे किती होऊ शकतं याची एक हद्द असते आणि ती घरी मोजता येते. साधा पाऱ्याचा (तापाचा नव्हे) नाहीतर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, आधी पंख्यासमोर धरून नुसतं तापमान बघा. मग त्याच्या टोकाला जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा पातळ तुकडा गुंडाळा, पाण्यात बुडवा (पाणी घरातल्या तापमानाचं, फ्रीजमधलं नको) आणि परत पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. आकडा खाली येत येत एका जागी थांबेल. हवामान खात्याच्या त्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत हेच दोन थर्मामीटर शेजारी शेजारी असतात, एक कोरडा, एक ओल्या फडक्याचा. ओल्या थर्मामीटरच्या खाली तुमचा कूलर बापजन्मात जाणार नाही, त्याचा बापही जाणार नाही.

आज संध्याकाळी मोजा आणि इथे टाका. जमलं तर नागपूरच्या घरी कोणाला तरी मोजायला लावा.

संत्रानगरी
भाऊ, बाकी विज्ञान ते सांगतीलच, पण कूलर घराच्या आत ठेवून खिडक्या बंद?? काहून पण? आमच्याकडे कूलर खिडकीच्या बाहेर, लोखंडी स्टँडवर, आत फक्त त्याचं तोंड. आणि समोरचं एक दार नाहीतर खिडकी उघडी ठेवतातच. तुम्ही सहा वर्षं हेच पाहिलं असन ना, ठाण्यात येऊन विसरून गेलात का बाप्पा.

वऱ्हाडी_ठाण्यात
@संत्रानगरी अहो इथे सातवा मजला, बाहेर स्टँड लावायला सोसायटी परवानगी देत नाही. आणि खरं सांगू का, खिडकी उघडी ठेवली तर केलेली थंडी बाहेर जाईल ना, एसीला आपण बंदच ठेवतो की.

@ओलं_फडकं मोजलं!! आईचा जुना थर्मामीटर सापडला, तो फोटो धुण्याच्या छंदातला, ५० पर्यंत दाखवणारा. दुपारी ४ वाजता इथे कोरडा ३३, ओला २८ ला येऊन ठप्प. पाचच डिग्री. नागपूरला धाकट्या भावाला फोन करून तेच करायला लावलं, त्याने गच्चीच्या जिन्यात सावलीत टेबलफॅन लावून केलं, कोरडा ४३ आणि ओला २३. त्याचा फोन आला "दादा, थर्मामीटर खराब आहे बहुतेक, खालीच चाललाय". वीस डिग्रीचा फरक!

ओलं_फडकं
झकास, भावाला माझ्यातर्फे शाबासकी. आता हिशोब सोपा आहे. चांगली ताटी असलेला कूलर ढोबळमानाने या अंतराच्या ८० टक्के कापतो. नागपूर: २० चे ८० टक्के म्हणजे १६, ४३ ची हवा २७ ला बाहेर पडली. ठाणे: ५ चे ८० टक्के ४, ३३ ची २९ झाली.

आता गंमत बघा, २७ आणि २९. कूलरच्या तोंडातून निघणाऱ्या हवेत दोन्ही गावांत फक्त दोन डिग्रीचा फरक आहे! मग चादर आणि इडलीपात्र इतका फरक कशाने? ओलाव्याने. नागपूरची ती २७ ची हवा बाहेर पडताना तिची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तिच्यात अजून जागा आहे, तुमचा घाम ती घेते. ठाण्याची २९ ची हवा नव्वदच्या वर गेलेली असते. तुमचं शरीर पण एक कूलरच आहे, कातडी ही त्याची ताटी, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर जवळजवळ भरलेली हवा सोडताय. चार डिग्री कमावल्या आणि घाम सुकायची सोय घालवली. त्यापेक्षा नुसता पंखा बरा.

हे सगळं खिडकी उघडी असताना हं. खिडकी बंद असेल तर कूलर तीच हवा परत परत ओली करत बसतो. थोड्या वेळात खोली गच्च भरते, त्यानंतर पाणी उडणं बंद, आणि मोटारीची आणि तुमची स्वतःची उष्णता खोलीतच साठत राहते. एसी तीच हवा फिरवतो कारण तो तिच्यातलं पाणी काढून नळीने बाहेर टाकतो, आणि उष्णता गच्चीकडच्या युनिटमधून. कूलरकडे बाहेर टाकायला नळीच नाहीये, खिडकी हीच त्याची नळी. त्यामुळे थंडी बाहेर जाते वगैरे विसरा, ती जायलाच हवी, मागून नवीन यायला हवी.

सूतगिरणी_निवृत्त
चर्चा वाचून राहवलं नाही. मी २८ वर्षं सूतगिरणीत मेंटेनन्सला होतो. आमच्याकडे ह्युमिडिफिकेशन प्लांट असायचा, तो म्हणजे खोलीएवढा कूलरच, पाण्याचे फवारे, त्यातून हवा जायची आणि डक्टमधून खात्यात. पण गंमत म्हणजे आम्हाला गारवा नको होता, आम्हाला ओलावाच हवा होता. कापूस कोरडा पडला की धागा तुटतो, तंतू उडतात, स्थिर विजेने रोलरला चिकटतात. मे महिन्यात प्लांट बंद पडला की सायडर बायका (मशीनवर तुटलेले धागे जोडणाऱ्या) आधी ओरडायच्या, मग मास्तर ओरडायचा, मग मला बोलावणं. मुंबईत गिरण्या वाढल्या त्यामागे बंदर, कापूस, भांडवल अशी मोठी कारणं आहेत, पण ही चिकट हवाही सुताच्या पथ्यावरच पडली. तुमच्या हॉलमध्ये तुम्ही उत्तम कताई खातं तयार केलंय.

उलटी गोष्ट पण ऐका. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी यंत्रणा केली, ज्याला लोक पहिला आधुनिक एसी म्हणतात, ती माणसांना गार करायला नव्हतीच. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की कागद फुगायचा, आकुंचन पावायचा, एकावर एक रंग जुळायचे नाहीत. त्याला हवेतलं पाणी काढायचं होतं. तुमचंही ठाण्यात तेच दुखणं आहे, तेव्हा औषध पण तेच.

बिल_भरणारा
मला एक कळत नाही. दीड टनाच्या एसीला साधारण दीड हजार वॅट लागतात आणि घरगुती कूलरला दोनशेच्या आसपास. मग नागपूरकर फुकटात थंडी मिळवतात का? ऊर्जा अक्षय्यतेचं काय झालं?

ओलं_फडकं
फुकट नाही, पाण्यात मोजतात. कूलरने तासाला १० लिटर पाणी उडवलं (मोठा कूलर भर दुपारी यापेक्षा जास्त पण पितो) तर २४ हजार किलोज्यूल, म्हणजे जवळपास ६.७ किलोवॅट. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, म्हणजे हा हिशोब दोन टनाच्या जवळ जातो. टन हा शब्दही बर्फावरूनच आलाय, एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढं.

पण लगेच दोन टनाचा एसी समजू नका. एसी खोलीतली हवा गार करतो, कूलर बाहेरची ४३ ची हवा २७ वर आणतो आणि ती खोलीत जरा फिरून खिडकीतून निघून जाते. बरीचशी थंडी त्या ४३ वरून खाली यायलाच खर्च होते. तरी दोनशे वॅटमध्ये एवढं मिळत असेल तर कोरड्या मुलखात याला तोड नाही. अट एकच, पाणी. आणि उन्हाळ्यात विदर्भात पाण्याचं काय असतं ते मी सांगायला नको.

हो, आणि बर्फाचं राहिलं. पाच किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खेचतो तेवढी पाऊण लिटरपेक्षा कमी पाणी उडून खेचतं. म्हणजे काका ज्या लादीसाठी पैसे मोजतात तिचं काम नागपूरचा कूलर पाचेक मिनिटांत नळाच्या पाण्याने करतो. ठाण्यात मात्र ती दहा मिनिटं खरीच बरी वाटली असणार, कारण तिथे पाणी उडतच नाही, बर्फ निदान वितळतो तरी.

आजीचा_माठ
म्हणजे माठाचंही हेच ना? माहेर अकोल्याचं, तिथल्या माठातलं पाणी दात शिवशिवतील असं, आणि इथे डोंबिवलीत तसाच माठ, खाली ओली वाळू, भोवती ओलं फडकं, सगळं करून पाणी नुसतं "कोमट नाही" एवढंच. मी दुकानदाराशी भांडले होते की माती खराब दिली म्हणून. आता त्या माणसाची माफी मागावी लागणार.

ओलं_फडकं
@आजीचा_माठ ताई, अगदी तेच. माठ म्हणजे पंखा नसलेला कूलर, छिद्रांतून पाझरायचं आणि बाहेरून उडायचं. दुकानदार निर्दोष आहे. मात्र दोनतीन वर्षांनी कुठलाही माठ मंदावतो, पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात. आतून साबणाने घासू नका, आणि शोभेसाठी बाहेरून ऑइलपेंट मारलेला माठ घेऊ नका, तो नुसता मडक्याच्या आकाराचा हंडा.

संत्रानगरी
क्षारावरून आठवलं. बोअरचं पाणी असन तर ताट्यांवर पांढरी पापडी धरते, कारण उडतं फक्त पाणी, मीठ तिथंच राहते आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जाते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, वाळवायची, तसंही डेंग्यूच्या डासांसाठी कोरडा दिवस पाळायचाच असतो.

आणि भाऊ, लोखंडी कूलर आहे म्हणून कळकळीनं सांगतो, आमच्या गल्लीत दरवर्षी कोणाला तरी कूलरचा झटका बसते. पंपाची वायर पाण्यात, बॉडी लोखंडाची, खाली फरशी ओली, पाय अनवाणी. पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटन बंद करून चालत नाही. तीन पिनचा प्लग, अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यायचं आणि बोर्डात ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असला पाहिजे. माझ्या काकांना झटका बसला होता, नशीब चप्पल होती पायात. दोन दिवस हात बधीर.

आणि नागपुरात पण कूलर बारा महिने चालते असं नाही. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला की दुसऱ्याच दिवशी आमचाही कूलर चिकचिक करते. पंप बंद करून नुसता फॅन लावतो आम्ही तेव्हा.

वऱ्हाडी_ठाण्यात
अरे हो की! पाऊस पडल्यावर बाबा उठून पंप बंद करायचे, "आता पाणी नको" म्हणायचे. वीस वर्षं पाहिलं आणि कधी विचारलं नाही की का. बाबांना काल फोनवर हा धागा वाचून दाखवला, ते म्हणाले मग मी तेच तर करत होतो.

अपडेट: काल रात्री पंपाची वायर काढली, ताट्या काढून ठेवल्या, खिडकीला जाळी बसवून उघडी टाकली आणि कूलर नुसता पंखा म्हणून चालवला. आवाज विमानासारखा, पण घाम सुकला, साडेपाचपर्यंत झोप लागली. एसीचं पुढच्या पगारात बघतो, ड्राय मोडवाला. बायकोने कूलरच्या टाकीत कांदे ठेवलेत. भाऊ म्हणतोय मेच्या सुट्टीत येताना कूलर परत आण, इकडे एक कमी पडतोय. टेम्पोवाल्याला कोणत्या तोंडाने फोन करू तेवढं सांगा.