टू-फॅमिली घर, बेसमेंटमधलं तिसरं भाडं आणि परमिट

विषय: घर घेतोय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

इथे न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत एक टू-फॅमिली घर पाहिलंय, 1962 सालचं. वर-खाली दोन भाडेकरू आणि बेसमेंटमध्ये तिसरं बिऱ्हाड. त्याचंच महिन्याला 1,600 डॉलर भाडं येतं. हिशोब जमतो तो या तिसऱ्या भाड्यावरच. बेसमेंटच्या बांधकामाच्या परमिटचं विचारलं तर एजंट म्हणाला, "काम आधीच्या मालकाने केलंय, कागद नाहीत, सगळीकडे असंच असतं." ऑफर सोमवारी द्यायची आहे. नंतर दोन्ही स्वयंपाकघरं मी स्वतःच नवीन करीन म्हणतो, वायरिंग मला येतं. कुणी या वाटेने गेलं आहे का?

— अ., एडिसन

विषय: उत्तर: घर घेतोय, सल्ला हवा

अ.,

सोमवारी ऑफर देऊ नकोस. आधी टाउनच्या क्लार्ककडे ओप्राचा अर्ज टाक. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच हा न्यू जर्सीचा कायदा आहे आणि त्यासाठी घर तुझ्या नावावर असावं लागत नाही. त्या पत्त्यावरची सगळी परमिटं माग: तपासणी होऊन बंद झालेली आणि अजून उघडी असलेली, दोन्ही. शिवाय झोनिंगचे, म्हणजे त्या जागेवर किती बिऱ्हाडं चालतात त्याचे, कागद. क्लार्कला उत्तराला कामाचे सात दिवस असतात. एजंटने केलेल्या करारावर सही झाली की वकिलाला तो तपासायला मिळतात कामाचे तीनच दिवस. म्हणून अर्ज सहीच्या आधी जायला हवा.

दुसरं, परमिट नंतर काढता येईल असं एजंट सांगेल. भिंती-वायरिंगचं परमिट मागाहून निघतंही, पण झोनिंगमध्ये दोनच बिऱ्हाडं बसत असतील तर तिसऱ्याला बांधकाम खातं परवानगी देऊच शकत नाही. मग झोनिंग बोर्डापुढे जायचं आणि वापर बदलण्यासाठी सात जणांपैकी पाच मतं मिळवायची. ते तिसरं भाडं हिशोबातून आजच काढून टाक.

आमचा अनुभव सांगते. आम्ही घेतलेल्या घराचं बेसमेंट असंच कागदांशिवाय केलेलं होतं आणि आम्ही ते भाड्याने दिलं. विकायला काढलं तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाने हाच अर्ज टाकला. टाउनने परमिट काढायला लावलं. इन्स्पेक्टरला वायर दिसावी म्हणून चांगलं रंगवलेलं ड्रायवॉल चार ठिकाणी फोडलं, तर आत भिंतीत गाडलेले वायरींचे जोड निघाले. जोडावर डबी नाही, काही नाही, नुसती टेप गुंडाळलेली. एक जोड काळा पडला होता. त्याच भिंतीला लागून पलंग होता आणि आमच्याकडची विद्यार्थिनी दोन वर्षं तिथे झोपत होती. पैसे गेले त्याचं आता काही वाटत नाही. पण ती काळी पडलेली वायर आठवली की अजून पोटात गोळा येतो.

खिडकीही बघून ये. बेसमेंटमध्ये कुणी झोपणार असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: उघडल्यावर मोकळी जागा साधारण 5 ते 5.7 चौरस फूट, खालची कड खोलीच्या जमिनीपासून 44 इंचांच्या आत. हे आकडे उगाच ठरलेले नाहीत. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाचं पाणी आलं तेव्हा क्वीन्समध्ये बेसमेंटच्या घरांत माणसं बुडून गेली. त्यांतली कित्येक घरं अशीच, कागदांवर नसलेली होती.

आणि त्या भाडेकरूचा विचार कर. बेकायदा जागा म्हणून त्याला बाहेर काढावं लागलं तर मालकाने त्याला सहा महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम द्यायची, असा न्यू जर्सीचा कायदा आहे. म्हणजे 9,600 डॉलर. क्लोजिंग झालं, म्हणजे घर तुझ्या नावावर झालं, की मालक तू.

— सु. ताई, पिस्कॅटवे

विषय: उत्तर: घर घेतोय, सल्ला हवा

ताईंनी मुख्य ते सांगितलंच आहे. वायरिंगपुरतं मी लिहितो. आपण स्वतः राहतो त्या सिंगल-फॅमिली घरात मालकाला स्वतः वायरिंग करता येतं, अर्थात परमिट काढून आणि तपासणी करून घेऊन. भाड्याच्या टू-फॅमिलीत नाही. तिथे लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरच लागतो. तुझा हात कितीही चांगला असला तरी.

घर 1978 च्या आधीचं आहे, म्हणजे रंगात शिसं असू शकतं. जुलै 2022 पासून अशा भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी आपल्या राज्यात सक्तीची आहे. जुना रंग खरवडणारा कॉन्ट्रॅक्टरही त्या कामाचं प्रमाणपत्र असलेला हवा. घरात लहान मूल असेल तर यात एक पैसाही वाचवू नकोस. आणि 500 डॉलरच्या वरचं कुठलंही काम लेखी कराराशिवाय देऊ नकोस.

— वि., पार्सिपनी

विषय: उत्तर: घर घेतोय, सल्ला हवा

ताई, काका, मनापासून आभार. ऑफर थांबवली आणि अर्ज टाकला. चौथ्या दिवशी कागद आले: छपराचं एक परमिट, बॉयलरचं एक. बेसमेंटचा कुठेच उल्लेख नाही, आणि झोनिंग दोनच बिऱ्हाडांचं.

दोन भाड्यांवर हिशोब मांडून कमी किमतीची ऑफर दिली आहे. बेसमेंट क्लोजिंगआधी रिकामं व्हावं आणि तिथल्या कुटुंबाला सहा महिन्यांचं भाडं विक्रेत्यानेच द्यावं, ही अट वकील करारात घालताहेत. विक्रेता कबूल झाला नाही तर मी हे घर सोडणार.

त्या बेसमेंटमध्ये एक आजी-आजोबा आणि त्यांचा शाळकरी नातू राहतात. मुलाची शाळा बदलायला लागू नये अशी त्यांची इच्छा आहे. एडिसन-इझलिनच्या बाजूला 1,800 च्या आत दोन खोल्यांची, कागद असलेली जागा कुणाच्या माहितीत असेल तर मला थेट कळवा.

— अ.