व्हॅम!: अँड्र्यू रिजली नुसता करवलाच होता ना?

टेपरेकॉर्डर: डिसेंबर आला, 'लास्ट ख्रिसमस' सुरू झालं, म्हणून मनातलं एकदा बोलून टाकतो. व्हॅम ही ऐंशीच्या दशकातली इंग्लंडची पॉप जोडी, जॉर्ज मायकल आणि अँड्र्यू रिजली यांची; 'लास्ट ख्रिसमस' त्यांचंच. पण माझ्या मते व्हॅम म्हणजे जॉर्ज मायकल. दुसरा नुसता सोबत उभा. १९८४ मध्ये दोघं जॉर्जच्या आईवडिलांकडे गेले होते. टीव्हीवर फुटबॉल चालू असताना जॉर्ज मधेच उठून वर गेला आणि तासाभरात या गाण्याचा गाभा घेऊन खाली आला. पुढे सगळी वाद्यंही त्यानेच वाजवली. अँड्र्यू मॅच बघत होता! १९८६ ला जोडी फुटल्यावर जॉर्जच्या 'फेथ'ला सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. अँड्र्यूचा १९९० चा अल्बम कोणी विचारलाही नाही. आणखी काय पुरावा हवा?

खडीसाखर: साफ असहमत. मुळात नवरदेवाला मांडवात आणलं कोणी? १९७५, हर्टफर्डशरमधली बुशी मीड्स शाळा. वर्गात नवा मुलगा येतो, गुबगुबीत, जाड चष्मा, कुरळं जंजाळ केस, आडनाव पानायोटू (हाच पुढचा जॉर्ज मायकल). याला कोण सांभाळेल, असं बाईंनी विचारल्यावर हात वर केला तो अँड्र्यूने. बँड काढायचाच म्हणून मागे लागला तोही तोच. कपडे, ऐट, बेफिकिरी, जे बघून पोरी किंचाळायच्या ते सगळं त्याचं. जॉर्ज ते त्याच्याकडे बघून शिकला.

टेपरेकॉर्डर: ऐट शिकवल्याची रॉयल्टी मिळत नाही हो.

वसईकर: मिळते की! 'केअरलेस व्हिस्पर'वर दोघांचं नाव आहे. गिटारचे कॉर्ड अँड्र्यूचे. डेमो त्याच्या घरच्या बैठकीच्या खोलीत झाला, माइकला स्टँड नव्हता म्हणून केरसुणीच्या दांड्याला बांधला होता. आमच्याकडे लग्नात सॅक्सोफोनवाला ती धून वाजवतो तेव्हा अर्धं श्रेय त्या खोलीचं समजा. (इंग्लंडात मात्र ते एकट्या जॉर्जच्या नावाने निघालं. तो अन्यायच.)

खडीसाखर: आणि 'वेक मी अप बिफोर यू गो-गो'? अँड्र्यूने घरच्यांसाठी चिठ्ठी लिहून ठेवली, त्यात 'अप' चुकून दोनदा पडलं, मग गमतीने 'गो'ही दोनदा लिहिलं. जॉर्जने ती पाहिली आणि तिथून अमेरिकेत पहिला नंबर.

मंद्रसप्तक: चिठ्ठी लिहिणं म्हणजे गाणं रचणं नव्हे. टेपरेकॉर्डर यांच्याशी सहमत. १९८५ चा चीन दौराही मॅनेजर सायमन नेपियर-बेलच्या खटपटीचं फळ, त्यात अँड्र्यूचं काय? पण एक मानतो. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ७२ हजार लोकांसमोर निरोपाची मैफल झाली तेव्हा दोघंही विशीतलेच. अशा वेळी दोस्ताला 'जा, तुझं तू गा' म्हणणं आणि नंतर कुठेही गळा न काढणं, हे येरागबाळ्याचं काम नाही.

वसईकर: 'लास्ट ख्रिसमस'ला १९८४ मध्ये ब्रिटनच्या यादीत 'बँड एड' या मदतनिधीसाठी जमलेल्या गायकांच्या गाण्याने दुसऱ्या नंबरवर अडवलं होतं (त्यातही जॉर्ज गायलाच होता!). नाताळातला पहिला नंबर मिळाला २०२३ मध्ये. जॉर्ज २०१६ च्या नाताळच्याच दिवशी गेला. बघायला अँड्र्यू एकटा उरला.

टेपरेकॉर्डर: बरं, करवला हा शब्द मागे घेतो. पण मॅच बघत बसला होता हे विसरणार नाही.