फ्लेमिंगो बघायचे तर ऐरोलीची बोट की सीवूड्सचा काठ?

डोंबिवलीकर_बाबा: फेब्रुवारीत आई-बाबा आणि पोरांना घेऊन ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जायचंय. माझं मत, नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीनेच जावं. काठावरून नुसते गुलाबी ठिपके दिसतात. बोटीतून चोच उलटी करून चिखलपाणी गाळणारा पक्षी नीट दिसतो. लहान फ्लेमिंगो तर त्यातलं शेवाळच खातो. पोरांना हे पुस्तकात कुठून दिसणार?

पाणथळ: साफ असहमत. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव गेलं, ते पक्ष्यांसाठी. आपल्या सेल्फीसाठी नव्हे. बोट जवळ गेली की चरणारा थवा उडतो. नवी मुंबईतल्याच सीवूड्सच्या तळ्यांवर जा. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की पक्षी तिथे आपणहून येतात. दुर्बीण न्या, तिकीट नाही, आजी-आजोबांना चढउतार नाही.

डोंबिवलीकर_बाबा: सगळेच बोटवाले थव्यात घुसत नाहीत हो. आणि तळ्यांचा काय भरवसा? भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या की पक्षी फिरकत नाहीत. बोटीच्या निमित्ताने पोरांना कांदळवनही जवळून बघायला मिळतं.

पाणथळ: वाटा बुजतात म्हणूनच तिथे जावं. लोकांचं येणं-जाणं असलं तर भराव टाकणाऱ्याला जरा तरी अडचण होते.

खाडीवाला: जागेवरून भांडताय आणि बेत रविवार बघून आखताय! आधी तिथी बघा. आमच्याकडचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. पण ते भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी, चिखल पुरता बुडत नाही, मग तळ्यावर कशाला येतील पक्षी? तळ्यावर जायचं तर पुनवेला नाहीतर अवसेला, उधाण असताना, भर दुपारी. बोटीला भांगच बरा. पाणी चढत असताना बसा, पक्षी अजून चिखलावरच असतात. बोटीच्या वेळाही पाण्यावर ठरतात, तेव्हा आधी फोन करा. अगदी ओहोटीला बोट गाळातच बसेल.

पाणथळ: म्हणजे पुनवेला तळं. माझंच बरोबर.

खाडीवाला: फेब्रुवारीतल्या दुपारी, म्हाताऱ्या माणसांना घेऊन? टोपी तरी न्या.

डोंबिवलीकर_बाबा: कालनिर्णय काढतो. अष्टमीच्या आसपासचा शनिवार मिळाला तर बोट नक्की.

पाणथळ: जा. तळ्यावर तेवढीच गर्दी कमी.