मदत हवी आहे: ग्लूटेनशिवाय समुद्रकिनारी हनिमून
नमस्कार मंडळी! लग्न तोंडावर आलंय आणि हनिमूनला समुद्रकिनारीच जायचं हे दोघांचंही पक्कं आहे. अडचण एकच, होणाऱ्या नवऱ्याला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू, बार्ली यांतलं ग्लूटेन हे प्रथिन अजिबात न चालणारा आजार; हौसेचं डाएट नाही हे. कणभर गहू पोटात गेला तरी आतड्याला इजा होते.

मासे, भात, फळं यावर निभावेल असं सगळे म्हणतात. मला धास्ती आहे ती न दिसणाऱ्या गव्हाची. मासा तळलेल्या तेलात आधी ब्रेडक्रम्ब्ज लावलेलं काहीतरी तळलेलं असतं, सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, साधी बिअर बार्लीची. बुफेत तर एकच डाव सगळ्या भांड्यांतून फिरतो! पाकिटावरच्या 'ग्लूटेन-फ्री'ला किलोमागे 20 मिलिग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, पण हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते कोण मोजणार?

तर रिसॉर्ट बरं की छोटं किचन असलेली खोली? (हनिमूनला भांडी घासायची माझी तरी तयारी नाही.) बुकिंगआधी शेफला नेमकं काय विचारायचं? तिथल्या भाषेत लिहिलेलं पथ्याचं कार्ड खरंच उपयोगी पडतं का? विमानातल्या जेवणाचं काय करता?

स्वतः पथ्य पाळणाऱ्यांनी जरूर लिहा. 'थोडंसं चालतं हो' वाले सल्ले मात्र नकोत.