चित्र पाहायचं की तास मोजायचे?

खडूफळा (वरोरा तालुका)
आमच्याकडच्या शालेय प्रदर्शनांत हल्ली नवीनच पद्धत पडली आहे. चित्राखाली मुलाचं नाव, इयत्ता, आणि त्याखाली सगळ्यात ठळक अक्षरात 'या चित्राला लागलेले तास'. काय असतं त्या चित्रांत? जेलपेननं भरलेली मंडलं (गोल नक्ष्या), ठिपक्या-ठिपक्यांचा ताडोबाचा वाघ, पेन्सिल-शेडिंगमधले शिवराय. प्रमुख पाहुणे येतात, पाटी वाचतात, 'बापरे, किती मेहनत!' म्हणतात आणि पुढच्या पाटीकडे सरकतात. परीक्षकही तेच करतात. यंदा तालुक्याला पहिला नंबर असाच आला.

मी रेखाकला शिकवतो, म्हणून हे होतं कसं तेही सांगतो. मोबाइलवरून फोटो घ्यायचा, त्यावर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी कागदावर पाडायच्या आणि एकेक चौकट भरत सुटायचं. मुलगा महिनाभर कागदावर वाकलेला असतो, पण या महिन्याभरात त्यानं एकदाही काही *पाहिलेलं* नसतं. वाघाचा कान डोक्याला कुठून जोडलेला असतो विचारा, सांगता येत नाही. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राला हीच मुलं अडतात. समोर फोटो नसला की हात चालत नाही.

नसरीन मोहम्मदी यांचं काम कितीजणांनी पाहिलंय? जन्म १९३७, कराची. बडोद्याला शिकवायच्या. शाई, पेन्सिल, आर्किटेक्टची उपकरणं आणि नुसत्या सरळ रेषा. शेवटच्या काळात आजारानं शरीर ऐकेनासं झालं, तरी त्या रेषा थरथरल्या नाहीत. १९९० मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, किहीमला त्या गेल्या. चिकाटीत त्यांच्यापुढे कोण उभं राहील? पण बहुतेक चित्रांना त्यांनी नाव दिलं नाही, तारीखही घातली नाही. तास लिहिण्याची तर गोष्टच सोडा.

दुसरं उदाहरण लंडनचं, १८७८ सालचं. व्हिसलर नावाच्या चित्रकारानं रस्किन या समीक्षकावर बदनामीचा खटला भरलेला, आणि तो कोर्टात उभा. समोरच्या वकिलानं विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता? तो म्हणाला, दोन दिवसांचे नाही, आयुष्यभर जे कमावलं त्या ज्ञानाचे मागतो.

माझं म्हणणं एवढंच की मेहनत चित्राच्या आत मुरलेली असावी. पाटीवर आली की तिचा हजेरीपट होतो. बोला.

काळीशाई (पांढरकवडा)
सर, व्हिसलरची गोष्ट अर्ध्यातच सोडलीत. खटला तो जिंकला, पण नुकसानभरपाई म्हणून ज्यूरीनं त्याला दिला एक फार्दिंग. त्यांच्याकडचं सगळ्यात लहान नाणं. पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. आयुष्यभराच्या ज्ञानाला कोर्टानं काय भाव दिला, तेही मुलांना सांगा.

आता माझ्या कामाबद्दल. मी निबनं काढते. सध्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा ढीग चालू आहे, घराच्या आडोशाला सरपणासाठी रचून ठेवतात तो. लांबून पाहिलं तर करड्या रंगाचा एक गठ्ठा. जवळ बसलं की कळतं, दोन काड्या सारख्या नाहीत. एक मधूनच मोडलेली, एकीला बोंडाचं रिकामं टरफल तसंच चिकटलेलं, एकीची साल सुटून लोंबते आहे. मागची काडी पुढच्या काडीखाली नेमकी कुठे जाते, ते ठरवल्याशिवाय निब टेकवता येत नाही. तुम्ही ज्याला चौकट भरणं म्हणता, ते माझ्यासाठी दर काडीला एक निर्णय आहे. कंटाळा येतो तेव्हा हात आपोआप 'काडीसारखं काहीतरी' काढायला लागतो. तिथे थांबावं लागतं. दुसऱ्या दिवशी बसलं की ती काडी लगेच ओळखू येते, खोटी असते.

आणि मे महिन्यात हे काम करून पाहा. कूलर लावला की कागद दमट होतो आणि शाई फुटते. रेषेला बारीक मुळ्या फुटल्यासारखं दिसतं. कूलर बंद केला तर मनगटाचा घाम कागदावर. मग तळहाताखाली टीपकागद घेऊन पहाटे चारला बसायचं, उन्हं चढेपर्यंत. इतकं करून पाटीवर तास लिहिले, तर काय बिघडलं?

झाडीपट्टीचे पडदे (देसाईगंज)
मी नाटकांचे पडदे रंगवायचो. राजवाडा, जंगल, रस्ता, गावचं देऊळ. दिवाळी झाली की हंगाम सुरू, कंपन्यांची बोलावणी एकामागून एक. एक पडदा दोन दिवसांत व्हायलाच पाहिजे.

नवीन होतो तेव्हा जंगलाच्या पडद्यावर पानन् पान काढलं. वस्ताद मंडपाच्या शेवटच्या टोकाला घेऊन गेले आणि म्हणाले, आता दाखव तुझं पान. दिव्यांच्या उजेडात सगळं मिळून हिरवट चिखल दिसत होता. मग त्यांनी रुंद ब्रशनं उजेडाचे चार फटकारे मारले आणि त्याच चिखलाचं सागवान झालं. ते चार फटकारे कुठे मारायचे, हे कळायला मला किती हंगाम लागले ते माझं मलाच माहीत. त्यांचे तास कुठल्या पाटीवर मांडता?

चित्र किती अंतरावरून पाहायचं, त्यावर बारकाई किती ते ठरते. ताईंचं चित्र वीतभरावरून पाहायचं, माझा पडदा तीस हातांवरून. एकाला मेहनत म्हणायचं आणि दुसऱ्याला उरकणं, हे मला पटत नाही. आता फ्लेक्स आला आहे, त्यामुळे दोघांनाही कोणी विचारत नाही ते वेगळं.

वावरवाला (हिंगणघाटकडला)
मास्तर, तुमचं ग्यान बराबर असन, पन एक सांगतो. आमी पेरनीपासून वेचनीपर्यंत वर्षभर राबतो. कापूस काट्यावर गेला का भाव बाजार ठरवते. तिथं कोनी इचारत नाही का भाऊ, डवरनी किती केली, फवारनी किती केली, रात्रीची लाइन होती तं पानी द्याले किती खेपा उठला. वला हाय, कवडी हाय म्हनते अन् भाव पाडते. मेहनतीले जिथं किंमत नाही अशा धंद्यात आमचा जलम गेला.

आता माह्या पोट्ट्यानं रात्री जागून वाघ काढला. त्याले नंबर भेटला. लोकायनं पाहून म्हटलं, बाप्पा, लय मेहनत केली रे पोरा! मेहनत पाहून मान भेटते अशी एक जागा सापडली गावात, तं तुमी ते पाटी काढाले निघाले. कायले?

खडूफळा
भाऊ, यावर चटकन उत्तर देता येणार नाही. पण दिलं पाहिजे म्हणून देतो. मान मिळाला याचा मलाही आनंद आहे. पुढचं काय? हा मुलगा उद्या नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालयात जायचं म्हणेल. तिथे जिल्ह्या-जिल्ह्यांतून असे वाघ काढणारे आलेले असतील, आणि तास सगळ्यांनीच घातलेले असतील. तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचं काय असेल? फोटोतला वाघ तर दुसऱ्याच कोणाच्या कॅमेऱ्यानं पाहिलेला. मला त्याचा बाजारभाव पाडायचा नाही. बाजारात न्यायला त्याच्याकडे स्वतःचं काही असावं, एवढंच म्हणतो.

ताई, तुमच्या पऱ्हाटीबद्दल तक्रारच नाही. तुम्ही पाहून काढता. पण प्रदर्शनात तुमचा ढीग आणि ते मंडल शेजारी लागले की पाटीमुळे दोन्ही एकाच मापानं मोजले जातात, आणि मंडल जिंकतं. पाटी तुमच्याच विरोधात आहे, हे तुमच्या लक्षात येतंय का?

काळीशाई
येतंय. पण मग परीक्षक बदला ना सर, पाटी कशाला बदलता?

आणि तास हा नुसता बडेजाव नसतो, कधी कधी तोच चित्राचा विषय असतो. पोलंडचे रोमान ओपाल्का यांनी १९६५ मध्ये कॅनव्हासवर १ हा आकडा रंगवला, मग २, मग ३. २०११ मध्ये ते गेले तेव्हा आकडा छप्पन्न लाखांच्या पुढे गेला होता. यातून वेळ वजा केला तर मागे काय राहतं? जपानचे मानाबू इकेदा बघा. त्सुनामीनंतरचा जपान मनात धरून त्यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका संग्रहालयात बसून 'रीबर्थ' काढलं. तेरा फूट रुंद, दहा फूट उंच, सगळं पेनाच्या बारीक निबनं, आणि त्यात तीन वर्षांहून जास्त काळ गेला. मध्येच उजवा खांदा निखळला तर डाव्या हातानं काढत राहिले. उद्ध्वस्त झालेलं पुन्हा उभं राहायला किती वेळ लागतो हे सांगायचंय, तर चित्राला तेवढा वेळ लागायलाच हवा. दोन दिवसांत उरकलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

फ्रेमवाला (यवतमाळ)
धंद्याचं बोलतो. गिऱ्हाईक चित्र घेताना पहिला प्रश्न विचारते, 'हाताचं आहे ना?' दुसरा, 'किती दिवस लागले?' तिसरा प्रश्न आजवर ऐकला नाही. चार रेषांचं चित्र काचेत लावलं तर म्हणते, हे तर आमचा बारकाही काढेल. तत्त्व काही का असेना, दुकानाचं भाडं पहिल्या दोन प्रश्नांवर निघते.

नवखा_पेन्सिल
मोबाइलवर एक ओळ लिहिली की दोन सेकंदांत मंडल तयार होऊन येतं. मग एवढा घाम कशाला गाळायचा?

काळीशाई
म्हणूनच.

खडूफळा
म्हणूनच तर मीही म्हणतोय! जे यंत्र दोन सेकंदांत करतं, त्यातच मुलांची वर्षं घालवायची का? चित्रकार गायतोंडे आपल्या नागपुरात जन्मले, १९२४ मध्ये. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे, बाकीचा वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर विचार करत. २०१३ च्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. फ्रेमवाले भाऊ, त्या गिऱ्हाइकानं किती दिवस लागले विचारलं असेल, तर कोऱ्या कॅनव्हासपुढचे दिवस धरायचे की नाही?

फ्रेमवाला (यवतमाळ)
ते गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं की विचारतो सर.

गोदणा (राजुरा)
सगळे मेहनत मेहनत करताहेत, पण कोणाची मेहनत हे कोणीच विचारलं नाही.

मी गोंडांमधल्याच परधान समाजातला. लोक आम्हाला सांगतात, तुमच्या गोंड चित्रातली ती ठिपक्यांची, बारीक रेघांची भरणी हजारो वर्षांची आहे. तसं नाही. आज कागदावर आणि कॅनव्हासवर जी भरणी दिसते, ती १९८० च्या दशकात जांगढसिंह श्याम यांच्या हातून उभी राहिली. ते मध्य प्रदेशातल्या पाटणगडचे परधान. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं. भिंतीवरचं आणि अंगावरच्या गोदणाचं त्यांनी कागदावर नवीनच काहीतरी केलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं. तेव्हा ही बारकाई समकालीनच आहे, पुराणवस्तू नाही.

पण त्यांच्याकडे नात्यातली पोरं येऊन राहायची आणि आधी ही भरणी करूनच शिकायची. भज्जू श्याम असेच शिकले, २०१८ मध्ये पद्मश्री झाले. ती शिकण्याची रीतच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र आज बाजारात जी चित्रं येतात त्यांतले ठिपके बरेचदा घरातल्या बायका-पोरांनी भरलेले असतात आणि खाली सही एकाचीच. तास लिहायचेच असतील तर कोणाचे किती तेही लिहा.

उलट बाजूही सांगतो. अमेरिकेतले सोल लेविट १९६८ पासून भिंतीवरच्या चित्रांच्या नुसत्या सूचना लिहून द्यायचे. पेन्सिलीच्या हजारो रेघा ओढायचे दुसरेच लोक. पण त्या ओढणाऱ्यांची नावं बरेचदा चित्राच्या माहितीत लिहिलेली असतात. खडूफळा सर, तासाची पाटी काढून नावांची लावली तर चालेल?

खडूफळा
मला चालेल. तास जाऊन नावं येत असतील, तर आजच चालेल.

काळीशाई
माझ्याकडे एकच नाव आहे, त्यामुळे मी तास लिहीतच राहणार.

वावरवाला (हिंगणघाटकडला)
मंग एक इचारतो मास्तर. वाघाच्या अंगावरचे टिंब अर्धे माह्या पोरीनं भरले. पोट्टा झोपून जाये, हे बसे कंदिलाजवळ, लाइन नसली तरी. तिचं नाव लिहू काय पाटीवर?

खडूफळा
लिहा की! आणि भाऊ, ती कितवीत आहे? एलिमेंटरीचा फॉर्म भरलाय का तिचा?

वावरवाला (हिंगणघाटकडला)
आठवीत हाय. कोनी सांगतलंच नाही फॉर्माचं. किती फी लागते?