शेगडीची कॉइल पहाटे नारिंगी, संध्याकाळी विटकरी. रोध बदलतो का?

प्रश्न (जत तालुक्यातली गृहिणी)

नमस्कार. सिलिंडर संपला की नवा येईपर्यंत आमचा स्वयंपाक २००० वॅटच्या कॉइलच्या शेगडीवर होतो. पहाटे पाचला दूध ठेवते तेव्हा कॉइल लखलखीत नारिंगी होते. संध्याकाळी सातला तीच कॉइल विटकरी लाल. तवा तापायला जवळजवळ दुप्पट वेळ जातो, भाकरी पापुद्रा धरत नाही. नववीतला मुलगा म्हणतो, रंग बदलला म्हणजे रोध बदलला असणार. त्याने प्लग काढून मल्टिमीटर लावला, २६ ओहम आले. त्याचा दुसरा प्रश्न मलाही पडलाय: वायरमधून आणि कॉइलमधून करंट एकच जातो, मग वायर हाताला जेमतेम कोमट आणि कॉइल निखारा, असं का?

उत्तर (आयटीआयचा निवृत्त निदेशक, वायरमन ट्रेड)

ताई, लेकाने आधी प्लग काढला आणि मग मीटर लावला, याबद्दल त्याला शाबासकी द्या. तीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो.

दुसरा प्रश्न आधी घेतो. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. २३० व्होल्टला २६ ओहममधून ८.८ अँपिअर जातात आणि कॉइलमध्ये २००० वॅटच्या वर उष्णता होते. तुमची वायर दीड स्क्वेअर एमएमची आणि दीड मीटर लांब धरली, तर जाणारी-येणारी मिळून तीन मीटर तांबं. त्याचा रोध ओहमच्या तिसाव्या हिश्श्याइतका. म्हणजे अख्ख्या वायरीत पावणेतीन वॅटसुद्धा नाहीत. कॉइल नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. तेवढ्याच लांबी-जाडीच्या तांब्याच्या साठ-पासष्ट पट तिचा रोध, शिवाय तार बारीक आणि लांब.

आता रंग. कोणतीही घन वस्तू सव्वापाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास अंधारात मंद लाल दिसू लागते, मग ती लोखंड असो नाहीतर नायक्रोम. आणखी तापली की नारिंगी, मग पिवळसर. तेव्हा रंग सांगतो तापमान, रोध नव्हे. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडत असणार. गावातल्या सगळ्या घरांचा लोड एकदम आला की लाइनच्या लांबलचक तारांमध्येच व्होल्ट खर्च होतात. १८० व्होल्ट आले तर कॉइलला मिळतात जेमतेम साडेबाराशे वॅट. त्यातली बरीच उष्णता इकडेतिकडे उडते, म्हणून तव्याला वेळ आणखी जास्त.

उत्तर (डिप्लोमाची विद्यार्थिनी)

काका, रोध मुळीच बदलत नाही असं कसं? माळ्यावर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मिळाला. मीटरवर ३९ ओहम. २३० चा वर्ग भागिले ३९ केलं तर साडेतेराशे वॅट येतात! मीटर खराब म्हणावं, तर बाकी सगळं बरोबर दाखवतंय.

उत्तर (निवृत्त निदेशक)

मीटर चांगला आहे, पोरी. बल्बची तार टंगस्टनची. तू मोजलीस ती गार. पेटल्यावर ती अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध होतो ५२९ ओहम, तेरा-चौदा पट. म्हणून जुने बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच उडायचे. गार तारेतून पहिला झटका मोठा बसतो. नायक्रोम लालभडक झालं तरी रोध थोडासाच वाढतो, म्हणून ताईंचे २६ ओहम तापल्यावरही हिशोबाला चालतात. शिवाय त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, त्यामुळे ते उघड्या हवेत जळून जात नाही. १९०६ साली अल्बर्ट मार्श यांना या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि आजही शेगडी, इस्त्री, टोस्टर त्यावरच चालतात.

ताई, कॉइल तुटली तर तुकडा टाकून टोकं पिळून जोडू नका. पाचवा भाग कमी झाला तरी करंट अकरा अँपिअरवर जातो. ती जास्त उजळ दिसेल, पण लवकर तुटेल.

प्रश्नकर्ती

काका, यांनी मीटर लावून पाहिलं. पहाटे २३२, संध्याकाळी १८६. आणखी एक, रंगाचा विषय निघाला म्हणून सांगते. प्लगची एक पिन तपकिरी झालीय, तिच्याभोवतीचं प्लास्टिकही पिवळं पडलंय. ते वापरून वापरून होतं ना?

उत्तर (निवृत्त निदेशक)

नाही, ताई! आजपासून तो प्लग वापरू नका. पिन सॉकेटमध्ये ढिली बसते, तिथे अर्धा ओहम जरी रोध आला तरी ३८-३९ वॅट उष्णता त्या एका बिंदूवर होते. सोल्डरिंगची इस्त्री ३५ वॅटची असते, तिने शिसं-कथील वितळतं. स्वयंपाकघरांतल्या किती आगी अशा ढिल्या पिनेपासून सुरू होतात! प्लग आणि सॉकेट दोन्ही १६ अँपिअरचे नवे बसवा, स्क्रू गच्च आवळा, अर्थिंगची वायर जोडलेली आहे ना ते बघून घ्या. उघड्या कॉइलवर दूध उतू गेलं किंवा स्टीलचं पातेलं टेकलं, तर अर्थिंगवाचून जीव वाचत नाही.

प्रश्नकर्ती

दोन्ही बदलले. जुन्या सॉकेटच्या आत पितळ काळं पडून पत्रा फाकला होता, मुलाने तो जपून ठेवलाय. अर्थिंगची वायर नुसती गुंडाळून ठेवलेली निघाली, तीही जोडून घेतली. आज पाऊण तास शेगडी चालली. संध्याकाळी कॉइल विटकरीच आहे, पण प्लग गार लागतोय.