मन वळवणे, पटवणे, गळी उतरवणे: मतलेखाच्या भाषेला काय म्हणावे?

विचारणा: वृत्तपत्रातल्या एका मतलेखाचं भाषेच्या अंगानं विश्लेषण लिहायचं आहे. वाचकाला आपल्या बाजूला आणण्यासाठी लेखक जी भाषा वापरतो, तिला मराठीत नेमकं काय म्हणावं? ‘प्रभावी भाषा’ फार मोघम वाटतं आणि ‘प्रचारकी’ म्हटलं की आधीच निकाल दिल्यासारखं होतं.

उत्तर: ‘मन वळवणारी भाषा’ म्हणावं. जवळचे बाकीचे शब्द मात्र एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘पटणे’ हे वाचकाच्या बाजूनं घडतं. ‘मला पटलं’ म्हणतो तेव्हा तपासून कबूल केल्याचा भाव त्यात असतो. ‘गळी उतरवणे’मध्ये वाचकाला काही करायचंच नसतं, सगळा जोर लेखकाचा. ‘भरीस घालणे’ तर थेट कृतीकडे ढकलणं. विश्लेषणात यातलं कुठलं क्रियापद निवडता, त्यावरून लेखाबद्दलचं तुमचं मत कळतं, म्हणून ते जपून निवडा.

अ‍ॅरिस्टॉटलनं मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. चौकट म्हणून ती उत्तम आहे, पण मराठी लेख वाचताना माझी नजर आधी अव्ययांवर जाते. ही दोन वाक्यं पाहा:

‘वाचनालय आता संध्याकाळी सातला बंद होतं.’
‘वाचनालयाला तर आता सातलाच कुलूप लागतं.’

माहिती तीच आहे. पण ‘च’मुळे सात ही वेळ फार लवकरची ठरली, आणि त्यासाठी एकही कारण द्यावं लागलं नाही. ‘तर’मुळे आधी आणखी काही तक्रारी होऊन गेल्याचा भास झाला. ‘बंद होतं’ हा रोजचा व्यवहार आहे. ‘कुलूप लागतं’ मात्र आपण कायमच्या बंद पडलेल्या कारखान्याबद्दलही म्हणतो, ती छाया इथे येते. पुढे ‘म्हणे वाचकच येत नाहीत’ असं वाक्य आलं, तर त्या एका ‘म्हणे’नं समोरच्याचा मुद्दा मांडताक्षणी संशयित होतो. ‘तथाकथित’ हेच काम करतो, पण जरा उघडपणे.

प्रश्नार्थक वाक्यं आहेतच. १८९७ साली ‘केसरी’त आलेला टिळकांचा अग्रलेख ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. व्याकरणानं तो प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर वाचकाच्या मनात आपोआप उमटतं आणि म्हणून ते त्याला स्वतःचं वाटतं. त्याच वर्षीचा दुसरा अग्रलेख, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’, प्रश्न विचारत नाही, थेट व्याख्याच करतो. व्याख्येच्या रूपात आलेल्या मताशी वाद घालणं अवघड जातं. हे दोन मथळे शेजारी ठेवून शिकवावेत इतके बोलके आहेत.

पुन्हा विचारणा: मग ‘आपण’चं काय? माझ्या लेखात तो जागोजागी आहे.

उत्तर: तो फार महत्त्वाचा. ‘आम्ही’ वाचकाला बाहेर ठेवतो, ‘आपण’ त्याला विचारल्याशिवाय आत घेतो. ‘आपण हे किती दिवस सहन करायचं?’ या वाक्यात वाचक सहन करतो आहे आणि त्याची मुदत संपत आली आहे, अशा दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. लेखक ‘मी’वरून ‘आपण’वर कुठे सरकतो ती जागा शोधा. पुष्कळदा पुरावा तिथेच संपलेला असतो.

आणखी एक. ‘वेळ कमी करण्यात आली’ आणि ‘विश्वस्तांनी वेळ कमी केली’ हा फरक नक्की टिपा. पहिल्यात कर्ता गायब होतो. लेखकाला दोष द्यायचा असेल तर दुसरं वाक्य येतं, सांभाळून घ्यायचं असेल तर पहिलं. आणि ‘लेखकाने उपरोध वापरला’ एवढ्यावर थांबू नका. ज्या शब्दामुळे उपरोध येतो तो काढून वाक्य पुन्हा वाचा आणि काय उणं झालं ते लिहा.